भात लावायचंय, पण कुठलं? शेतीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे महिना अर्धा सरला की फोन सुरू होतात. "अरे गावची जमीन पडून आहे, यंदा भात लावू म्हणतोय, कुठलं बियाणं घेऊ?" मी दरवेळी उलटा प्रश्न विचारतो, गणपतीत तुझ्या खाचरात पाणी किती असतं? आणि दसऱ्याला? समोर शांतता. मग म्हणतो, आधी काकांना विचार आणि मग फोन कर.

हे शहाणपण उपजत नाही हां. माणगाव तालुक्यात आमची जमीन, मी मुंबईतली नोकरी सोडून पहिल्यांदा लावणी केली त्या वर्षी दुकानात जाऊन विचारलं "सगळ्यात जास्त उतारा कशाला?" आणि त्याने दिलं ते सुवर्णा घेऊन आलो. भात वाईट नाही, उलट फारच चांगलं, पण मी ते लावलं कुठे, तर वरच्या अंगाला, घळणीच्या वरकस, पाणी न धरणाऱ्या तुकड्यात. ऑगस्टमध्ये शेत असलं देखणं दिसत होतं की मी स्टेटसला फोटो टाकत होतो. नवरात्रात पाऊस गेला, भात तेव्हा कुठे नुकतं निसवलेलं (लोंब्या बाहेर पडलेलं), जमीन आठवड्यात फुटली आणि झोडणी केली तेव्हा निम्मं पोचट, सूप धरलं की उडून जायचं. खालच्या चोंड्यात, म्हणजे खोलगट खाचरात, शेजाऱ्यांचं तेच भात आडवं होईल इतकं भरलेलं. बियाणं तेच, पाऊस तोच, फरक फक्त खाचराचा.

म्हणून हा लेख जरा उलट्या क्रमाने आहे, जातींची यादी लगेच देणार नाही. उदाहरणं मुख्यतः कोकणातली आहेत कारण मला तेच कळतं, विदर्भ-मावळवाल्यांनी तत्त्व घ्यावं आणि जात आपल्या भागातली घ्यावी.

पायरी पहिली: खाचर ओळखा आणि कॅलेंडर मांडा

एका पावसाळ्यात आपल्या प्रत्येक तुकड्यात जाऊन उभं राहा, दुसरा उपाय नाही. यंदाच लावायचंय आणि तेवढा वेळ नाही, तर गावातल्या ज्याने ती जमीन पूर्वी कसली आहे त्याला घेऊन फिरा. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतील. वरची हलकी, पाणी न धरणारी, पाऊस थांबला की चार-पाच दिवसांत कोरडी पडणारी. मधली, जिथे बांध नीट घातला तर पाणी राहतं. आणि खालची खोलगट, जिथे वरच्या सगळ्या खाचरांचं पाणी झिरपत येतं आणि दिवाळीपर्यंत ओल असते. खाडीकाठी असाल तर चौथा प्रकार, खारी जमीन, त्याचं गणित वेगळं, पुढे सांगतो.

आता कॅलेंडर. भाताच्या जातीचे दिवस पेरणीपासून मोजतात, लावणीपासून नाही, ही चूक नवीन माणूस हमखास करतो. ५ जूनला रोप पेरलं तर ११५ दिवसांची हळवी म्हणजे लवकर पिकणारी जात २८ सप्टेंबरच्या आसपास तयार होते आणि १४० दिवसांची गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी, २३ ऑक्टोबरला. फुलोऱ्यापासून दाणा पिकेपर्यंत साधारण एक महिना लागतो आणि त्या महिन्यातले पहिले पंधरा-वीस दिवस जमिनीत ओल पाहिजेच पाहिजे. म्हणजे गरवं भात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फुलणार, त्याला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाणी हवं, आणि आपल्याकडे पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. खालच्या चोंड्यात त्यानंतरही ओल टिकते, वरकसात नाही. माझ्या पहिल्या वर्षाचा सगळा घोटाळा या चार ओळींत आहे.

पण उलटंही होतं बरं का. हळवं भात सप्टेंबरअखेर पिकून उभं असतं आणि वरून परतीचा पाऊस धो धो, मग कापलेलं भात खाचरातच कोंब काढतं. म्हणून हळवी जात खोलगट जागेत लावायची नाही, कापायला गेलात तर गुडघाभर चिखलात उभं राहून पेंढ्या डोक्यावरून बांधावर न्याव्या लागतात. वर हळवं, मध्ये निमगरवं (दोन्हींच्या मधल्या दिवसांचं), खाली गरवं, आपले आजे-पणजे हेच करत होते, त्यांच्याकडे फक्त विद्यापीठाचं बियाणं नव्हतं.

पायरी दुसरी: जात म्हणजे नेमकं काय, ती येते कुठून

हे थोडं समजून घ्या, म्हणजे दुकानदार काय बोलतोय ते कळेल.

जुन्या गावठी जाती उंच वाढायच्या, खत जास्त झालं की आडव्या. १९६० मध्ये फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली, तिथे इंडोनेशियातल्या पेटा नावाच्या उंच जातीचा आणि तैवानच्या डी-जिओ-वू-जेन नावाच्या बुटक्या जातीचा संकर करून १९६६ मध्ये आयआर-८ आलं. बुटकं, ताठ, युरिया दिला तरी उभं राहणारं. आपल्याकडे १९६५ पासून अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प हैदराबादहून चालतो, त्यातून १९६८ मध्ये जया आली. कोकणातल्या जुन्या माणसांना जया अजून नावाने आठवते, जाडं दाणं पण पोटभर.

नुसता उतारा वाढून भागत नाही, चवही लागते ना. १९८७ ची इंद्रायणी घ्या, वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची, आंबेमोहोर-१५७ आणि त्याच आयआर-८ चं हे लेकरू. आईचा वास घेतला आणि बापाचा बांधा, असं आमच्याकडचे एक कृषी सहायक सांगायचे आणि मला तरी यापेक्षा सोपं कोणी समजावलेलं नाही.

कोकणासाठी हे काम दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ करतं, १९७२ पासून, आणि त्याची भाताची केंद्रं म्हणजे कर्जत, रत्नागिरीजवळ शिरगाव, आणि खाऱ्या जमिनीसाठी पनवेल. आता तुमच्या लक्षात आलं असेल की कर्जत-३, रत्नागिरी-२४, पनवेल-३ ही नावं कुठून आली, गावाचं नाव केंद्राचं आणि आकडा जातीचा. आकडा मोठा म्हणजे जात जास्त भारी असं अजिबात नाही, एकदा एकाने मला विचारलं होतं की तीनपेक्षा सात घेतली तर दुप्पट येईल ना.

एक जात बनायला साधारण आठ-दहा वर्षं जातात. दोन जातींचा संकर, मग पिढ्यान्‌पिढ्या त्यातली चांगली झाडं वेचत राहायची, पाच-सहा पिढ्यांनी झाडं एकसारखी दिसायला लागली की केंद्रावर चाचणी, मग वेगवेगळ्या ठिकाणी, मग शेतकऱ्यांच्या बांधावर, मग प्रसारण. आणि हे काम फक्त कोटवाले करतात असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीडेक एकराचे शेतकरी, त्यांना १९८३ मध्ये शेतात पटेल-३ जातीच्या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला ठेवून वर्षानुवर्षं वाढवल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. नाव घड्याळावरून पडलं, तेव्हा त्या घड्याळांची क्रेझ होती. २०१८ मध्ये ते वारले, त्यांच्या तांदळावर कित्येकांनी पैसा केला, त्यांच्या हाती फार काही लागलं नाही. नवीन माणसाने यातून एवढंच घ्यावं की शेतात रोज फिरायचं आणि वेगळं दिसलं की थांबायचं.

आता यादी. हळव्यात कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७, रत्नागिरी-१, रत्नागिरी-२४. यातली कर्जत-३ जाडसर, पोह्यांना छान, आणि कर्जत-७ बारीक लांब. निमगरव्यात जया, पालघर-१, कर्जत-५. गरव्यात कर्जत-२, कर्जत-८, रत्नागिरी-२, रत्नागिरी-३ आणि सुवर्णा म्हणजेच मसुरी म्हणतात ती. सुवर्णा मूळची आंध्रातल्या मारुटेरू केंद्राची, एमटीयू-७०२९ असा तिचा नंबर. खाऱ्या जमिनीला पनवेल-१, २, ३. गोव्यातल्या खाजन शेतात कोरगुट नावाची गावठी जात खारं पाणी सहन करते, आणि जुन्या गोव्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेने तिच्यातूनच निवड करत गोवा धान नावाच्या मालिकेची सुरुवात केली.

पुराचं पाणी शेतात आठ-दहा दिवस थांबतं, रोप पूर्ण बुडतं, असं असेल तर सुवर्णा-सब १ नावाची जात माहीत असू द्या. ओडिशातल्या एका गावठी भातात बुडूनही जगण्याचा गुण होता, तो जनुक शोधून सुवर्णात आणला आणि २००९ मध्ये भारतात जात आली. बुडाल्यावर इतर भातं श्वास घ्यायला भराभर उंच वाढायला जातात आणि त्यातच दमून मरतात, ही मात्र वाढ थांबवून गप्प बसते, दोनेक आठवडे तग धरते, पाणी उतरलं की पुन्हा सुरू. बाकी सगळ्या बाबतीत ती नेहमीचीच सुवर्णा, म्हणजे गरवी.

मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर झाल्या, त्याबद्दल व्हॉट्सॲपवर भरपूर फिरलं. बातमी म्हणून वाचा, पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

पायरी तिसरी: बियाणं आणताना टॅग वाचा

पिशवीवरच्या टॅगचा रंग बघा. पिवळा म्हणजे पैदासकार बियाणं, पांढरा म्हणजे पायाभूत, निळा म्हणजे प्रमाणित, हिरवा म्हणजे सत्यप्रत, ज्याची हमी उत्पादक स्वतः देतो. आपल्याला निळा बस्स झाला. संशोधन केंद्रं, कृषी विज्ञान केंद्रं, महाबीजचे विक्रेते, पंचायत समिती, कुठूनही घ्या पण मे महिन्यातच, जूनमध्ये पाऊस लागला की हव्या त्या जातीची पिशवी मिळत नाही आणि मग दुकानदार जे पुढे करेल ते घ्यावं लागतं. पावती आणि टॅग दोन्ही जपून ठेवा, उगवलं नाही तर तेवढाच पुरावा. रायगडवाल्यांना रोह्याजवळ किल्ला इथे आणि पालघरवाल्यांना कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, एकदा नुसतं जाऊन या, तिथले लोक बोलतात.

सरळ जात आणि संकरित यातला फरक समजून घ्या. कर्जत-३ सारख्या सरळ जातीचं बियाणं आपलंच राखून पुढच्या वर्षी लावता येतं, भात स्वतःचं स्वतः फळतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं तरी जात शुद्ध राहते, मग बदलायचं. संकरित म्हणजे सह्याद्री वगैरे (तीही कर्जतचीच, पहिली १९९८ मध्ये आली) दरवर्षी नवीन विकत घ्यावी लागते, घरचं राखलं तर पुढच्या वर्षी एक झाड बुटकं एक उंच असा बाजार भरतो. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं सरळ जात. संकरित बियाणं महाग आणि नवशिक्याच्या हातून रोपं मरतातच.

किती लागतं? बारीक दाण्याला गुंठ्याला साधारण ४०० ग्रॅम, जाड्या दाण्याला ५०० ग्रॅमपर्यंत, संकरितला २०० ग्रॅम. हा गुंठा लावणीच्या शेताचा, रोपवाटिकेचा नाही. आमच्याकडे जुनी माणसं याच्या दुप्पट पेरतात आणि एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या रोपांच्या झुबक्यात, आठ-आठ काड्या खुपसतात, त्यांच्याशी वाद घालू नका, आपलं आपण करा.

पायरी चौथी: मिठाचं पाणी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, बियाणं त्यात ओता, हाताने ढवळा, दोन मिनिटं थांबा. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते चाळणीने काढून कोंबड्यांना टाका. तळाशी बसलेलं बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा (हे विसरलात तर मीठ उगवणच मारेल, माझ्या एका मित्राने हा प्रयोग करून बघितलेला आहे) आणि सावलीत दिवसभर सुकवा. निळ्या टॅगचं बियाणं असलं तरी करा, थोडं तरी तरंगतंच.

सुकलं की आधी थायरम हे बुरशीनाशक, किलोला तीन ग्रॅम, हातमोजे घालून. पेरायच्या आधी ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. क्रम लक्षात ठेवा, आधी बुरशीनाशक नंतर जिवाणू, उलटं केलंत तर जिवाणू मेले.

घरचं बियाणं असेल तर आठ दिवस आधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याने मोजा, ऐंशीच्या वर कोंब आले तर ठीक. साठ आले तर बियाणं वाढवू नका, बदला.

पायरी पाचवी: रोप

आमच्याकडे अजून राब भाजतात. शेण, टहाळ, पालापाचोळा, वरून माती आणि एप्रिल-मे मध्ये आग. तण मरतं हे खरं पण त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या, शेण जाळायचं, जे शेतात जायला पाहिजे तेच धूर करून टाकायचं, त्यामुळे विद्यापीठवाले कित्येक वर्षं गादीवाफा करा म्हणून सांगतायत. मीटर-सव्वा मीटर रुंद, चार बोटं उंच, लांबी शेताप्रमाणे. एक एकर लावायचं तर चार गुंठे रोपवाटिका. गुंठ्याला शंभर किलो कुजलेलं शेणखत. बी ओळीत पेरा, वरून मूठमूठ माती.

वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळली तर रोप कडक होतं, तुसात सिलिका भरपूर असते, रोपाची पात खरखरीत आणि ताठ येते, किडीलाही चावायला जड जातं. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. काळी राख म्हणजे अर्धवट जळालेली, पांढरी पडेपर्यंत जाळू नका. गिरणीवाला तूस फुकट देतो, दिलं नाही तर त्याला चहा पाजा.

पायरी सहावी: लावणी, आणि चारसूत्री

हळव्याचं रोप २१ ते २५ दिवसांचं, गरव्याचं थोडं जास्त, पण महिना उलटू देऊ नका, म्हातारं रोप फुटवे करत नाही. दोन-तीन काड्यांचं चूड, उथळ, दोन बोटांपेक्षा खोल नको. हळव्याला वीतभरापेक्षा कमी म्हणजे १५ बाय १५ सेंटिमीटर, बाकीच्यांना २० बाय १५.

आता जे मला खरं सांगायचंय ते. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री नावाची पद्धत बसवली, लहान शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून, आणि ती इतकी साधी आहे की लोकांना तिच्यावर विश्वास बसत नाही. पहिलं सूत्र, भाताचं भाताला परत द्या, म्हणजे तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा नांगरणीच्या आधी शेतात. दुसरं, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलणीच्या आधी गाडा, गुंठ्याला तीस किलोपर्यंत. बांधावर गिरिपुष्प लावून ठेवा, एकदा लागलं की मरत नाही, गुरं खात नाहीत, पाला दोन दिवस शेतात पडू द्या मग काड्या सहज निघतात. तिसरं, नियंत्रित लावणी. चौथं, युरिया आणि डीएपी या खतांच्या गोळ्या, ज्यांना सगळे ब्रिकेट म्हणतात.

तिसरं-चौथं एकमेकांत अडकलेलं आहे. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा करायच्या, म्हणजे चार चुडांचा १५ बाय १५ चा छोटा चौकोन तयार होतो आणि दोन चौकोनांमध्ये २५ चं अंतर मोकळं राहतं. लावणी झाली त्याच दिवशी प्रत्येक छोट्या चौकोनाच्या मधोमध एक ब्रिकेट बोटाने सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची आणि भोक चिखलाने बुजवायचं. एक ब्रिकेट २.७ ग्रॅमची. गुंठ्याला ६२५ लागतात, म्हणजे पावणेदोन किलोपेक्षा कमी. बस, पुढे नत्र-स्फुरद द्यायचं नाही.

का चालतं? आपण युरिया फेकतो पाण्यावर, त्यातला बराच अमोनिया होऊन हवेत उडतो, काही जोराच्या पावसात बांधावरून शेजाऱ्याकडे, काही मातीतल्या जिवाणूंच्या हातून वायू होऊन जातो. खोल चिखलात, जिथे हवा नाही, तिथे गोळी ठेवली की नत्र मातीला धरून राहतं आणि मुळं त्याच्यापर्यंत जाऊन हळूहळू खातात. कोकणातल्या पावसात हे पटायला पाहिजे, सकाळी युरिया फेकलाय आणि दुपारी शंभर मिलिमीटर, असं कितीदा झालंय.

त्रास एकच, कमरेचा. पाच गुंठ्यांच्या ब्रिकेट्स खोवताना मी तीनदा बांधावर जाऊन बसलो. पण चौकोनी लावणीमुळे मधून चालता येतं, बेणणी म्हणजे तण काढणं सोपं, आणि खत निम्म्याने वाचलं हे मी पावत्या ठेवून बघितलंय.

चिखलणी-लावणीच नको असेल, मजूर मिळत नसतील, तर नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र बघून या. कायमचे गादीवाफे, लोखंडी साच्याने २५ बाय २५ वर भोकं पाडून त्यात थेट तीन-चार दाणे टोकायचे, रोप नाही, चिखल नाही, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, ती कुजून गांडुळांना खायला होतं आणि जमीन भुसभुशीत राहते. पहिल्या वर्षी वाफे करायला खर्च आहे आणि तणनाशक वापरावं लागतं, ज्यांना एक थेंबही रसायन नको त्यांनी हे आधी डोक्यात घ्यावं. खोलगट, पाणी साठणाऱ्या खाचरात मी हे करणार नाही, वरच्या-मधल्या जमिनीत मात्र नक्की करून बघेन.

पायरी सातवी: खत आणि पाणी

ब्रिकेट नसतील तर सुधारित जातीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश अशी शिफारस असते. गुंठ्याला हिशोब केला तर युरिया सव्वादोन किलोच्या आत, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो, म्युरेट ऑफ पोटॅश आठशे ग्रॅम. युरिया एकदम टाकू नका, ४० टक्के लावणीला, ४० फुटव्यांना, २० पोटरीच्या सुमारास (लोंब अजून पोटात असते तेव्हा), आणि प्रत्येक वेळी पाणी काढून. माती परीक्षण केलेलं असेल तर त्यातला आकडा धरा, माझा नाही.

पाणी सुरुवातीला दोन-तीन बोटं, पुढे वाढवत चार-पाच बोटं, कापणीच्या दहा दिवस आधी बांध फोडून सगळं काढा. पावसाळ्यात फार काही आपल्या हातात नसतं. पण काळ नदीच्या कालव्यावर किंवा कुठेही उन्हाळी भात, वायंगण लावत असाल तर सतत पाणी भरून ठेवायची गरज नाही. ३० सेंटिमीटरचा पाइपचा तुकडा घ्या, खालच्या २० सेंटिमीटरला भोकं पाडा, तेवढा भाग जमिनीत खोचा आणि आतली माती काढा. आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की मगच पुढचं पाणी सोडा. फक्त लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्यात कोरडं पडू देऊ नका. पाणी वाचतं, शिवाय पाण्याखाली कोंडलेल्या मातीत जे जिवाणू मिथेन बनवतात त्यांना मध्ये मध्ये हवा लागली की त्यांचं काम बंद पडतं. हे संशोधन आंतरराष्ट्रीय भात संस्थेचं, पाइप मात्र प्लंबरकडे उरलेला चालतो.

किडीबद्दल थोडक्यात

लावणीच्या आधी रोपाचे शेंडे कापा, खोडकिड्याची अंडी तिथेच असतात. मधला सुरळीतला कोंब सुकलेला दिसला आणि ओढला की सहज निघाला तर तो खोडकिडाच. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा, हेक्टरी वीस. युरिया जास्त आणि लावणी दाट असेल तर बुंध्यात तपकिरी तुडतुडे येतात, म्हणून पात हिरवीगार काळी दिसली की खूश होऊ नका. शेतात कोळी दिसले तर ते आपले आहेत. दुकानदार देईल ते औषध दिसेल त्या किडीवर मारणं हा नवीन माणसाचा आवडता छंद, त्याआधी मोबाइलवर फोटो काढून कृषी सहायकाला पाठवा.

पायरी शेवटची: आपला एक गुंठा

लोंबीतले ऐंशी-नव्वद टक्के दाणे पिवळे झाले की कापा, सगळे पिवळे व्हायची वाट बघितली तर दाणा शेतातच झडतो. झोडून दोन-तीन उन्हं द्या, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, मगच कणगीत किंवा पिंपात.

आणि दरवर्षी एक गुंठा वेगळा ठेवा. शेजारी शेजारी अर्धा गुंठा नेहमीची जात, अर्धा गुंठा नवीन, एकाच दिवशी पेरलेली, एकच खत. वहीत लिहा: पेरणी, लावणी, पहिली लोंब कधी, कापणी कधी, आडवं पडलं का. वजनाचा हिशोब सोपा आहे, गुंठ्याला जेवढे किलो तेवढेच साधारण हेक्टरी क्विंटल, म्हणजे अर्ध्या गुंठ्यात २० किलो आलं तर हेक्टरी ४० क्विंटल. संशोधन केंद्राने सांगितलेला उतारा त्यांच्या शेतातला असतो, तुमचा तुमच्या वहीत सापडेल.

दोन्हीचा तांदूळ वेगवेगळा भरडून आणा, एकाच दिवशी भात शिजवा आणि घरात कुणाला न सांगता वाढा. गेल्या वर्षी माझ्या नवीन जातीला पाच किलो जास्त उतारा होता. आईने एक घास खाल्ला, ताट थोडं बाजूला सरकवलं आणि म्हणाली, हे इडलीला ठेव.